विमानाच्या पोटातली बैठक

कासाराच्या पेटीवरचं फडकं आवडाबाईंनी स्वतःच्या हातानं ओढून झाकलं. थोरल्या सुनेच्या, गोदूच्या, दोन्ही मनगटांत बांगड्या भरून झाल्या होत्या, तांदूळ मापून झाले होते, पाणी पिऊन झालं होतं, तरी कासार उठत नव्हता. कारण ओटीच्या खांबाला पाठ लावून त्यांचा मुलगा आनंदा त्याला विमानातला जिना सांगत होता.

"शंखासारखा फिरत जातो तो. गोगलगायीचा शंख असतो ना, तसा. सात-आठ पायऱ्या उतरलात की खाली बैठक."

"विमानात?"

"विमानाच्या पोटात. अर्ध्या चंद्रासारखं बाक, त्याच्यावर लाल कातडं. चौदा माणसं बसतात. पुढ्यात पांढऱ्या डगल्यातला एक जण पेले पुसत उभा. बर्फ मागा, बर्फ देतो. खिडकीला नाक लावलंत तर खाली नुसता समुद्र."

कासार तोंड उघडं ठेवून ऐकत होता. आवडाबाईंनी पेटी त्याच्याकडे सरकवली.

अमेरिकेहून येऊन आनंदाला महिना झाला होता. या महिन्यात त्यानं पोस्टमनला तो जिना उतरवला होता, तलाठ्याला उतरवला होता, ताडीवाल्याला तर दोनदा. देवळातल्या भजनात मृदंगाला कणीक लावायला थोडा वेळ लागला, तर तेवढ्यातही सगळे टाळकरी विमानाच्या पोटात जाऊन बर्फ खाऊन आले. बाकीची अमेरिका त्याच्या बोलण्यात कधी यायचीच नाही. इमारती नाहीत, रस्ते नाहीत, फक्त ती बैठक. माणसं समोर मान डोलवत आणि वळणावर गेली की हसत. हसणं आवडाबाईंच्या कानावर येई. या गावात त्यांच्या घराला हसायची हिंमत गेल्या वीस वर्षांत कोणी केली नव्हती.

कासार फाटकाबाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या,

"इथून तो कुठं जातोय, ठाव हाय ना तुला?"

"बाळकुमला."

"आणि बाळकुमात पहिली पेटी कुणाच्या ओटीवर उघडतो?"

आनंदा खांबापासून सरळ झाला. बाळकुमात कासार पहिली पेटी महिपतच्या ओटीवर उघडी. महिपतची मुलगी शकू आनंदाला मागितली होती. रविवारी सुपारी फुटायची होती.

"खोटं काय बोल्लो, आय?"

"खरं असेल तर एकदा बोलून पुरतं. खाडीच्या तोंडालासुद्धा ओहोटी लागते, तुझ्या तोंडाला नाय."

आनंदा अमेरिकेला गेला कसा, ती गोष्ट गावाला वेगळी माहीत होती आणि आवडाबाईंना वेगळी.

ठाण्याच्या बंदरावर ज्या शेठची मिठाची वखार होती, त्याचा पाय सडत चालला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा इस्पितळाचं नाव सांगितलं. शेठ देहानं दांडगा. त्याला उचलून बसवायला, उठवायला, न्हाणीघरात न्यायला भरवशाचं माणूस हवं होतं. आनंदा वखारीत होता. मिठाची गोण तो पाठीवर अशी घेई की खालचा दाणाही कुरकुरू नये. शेठनं त्यालाच निवडला. आवडाबाई आधी तयार नव्हत्या. मग शेठ स्वतः मोटारीतून गावात आला. मोटारीतून उतरला नाही, पण काच खाली करून म्हणाला, "बाई, नोकर म्हणून नेत नाही. पोरासारखा शेजारी बसवून नेतो." त्यावर आवडाबाईंनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी विचारलं, अमेरिकेत काय हमाल मिळत नाहीत वाटतं. आवडाबाईंचा घडा अर्धा भरला होता. त्यांनी मागे न बघताच सांगून टाकलं की आनंदा शेठचा मुनीम म्हणून जातोय, कागदपत्रं सांभाळायला. पोरगा चौथीपर्यंत शिकलेला, त्याचं अक्षर म्हणजे चिखलात चिंबोरी चालत गेलेली. पण आवडाबाईंनी सांगितलं म्हणजे सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात तो मुनीम झाला. आनंदाच्या कानावरही ते गेलं. तो आईकडे बघून जरासा हसला.

विहिरीवर त्यांचा शब्द कोणी खोडत नसे, त्यालाही कारण होतं. तिशीत नवरा गेला तेव्हा दिरांनी त्यांना माहेरची वाट दाखवली होती. त्या गेल्या नाहीत. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या, खाऱ्या पाण्यानं तळपाय चिरले तर त्यात मेण भरलं, आणि नवऱ्याच्या वाट्याची मिठागरं दिरांच्या घशातून काढून घेतली. आज तेच दीर लग्नकार्याची बोलणी करायला त्यांच्या ओटीवर येत, आणि आवडाबाई देतील तेव्हाच चहा घेत.

त्यांतला धाकटा, काळुराम, गुरुवारी आला. त्याच्या चालण्यावरूनच आवडाबाईंना कळलं की बातमी चांगली नाही. चांगली बातमी असली की तो फाटकापासूनच बोलायला लागे.

महिपत आधी हसला म्हणे. कासारानं हातवारे करून जिना दाखवला तेव्हा घरातली सगळीच हसली. मग महिपत हसायचा थांबला. त्याचे तीन पडाव होते, माल वाहणारी शिडाची गलबतं. ठाण्याच्या खाडीतून मुंबईच्या बंदरापर्यंत मीठ नेण्यात त्याची हयात गेली होती. तो म्हणाला, पडाव पाण्यातला असो की आभाळातला, माल पोटात आणि माणूस पाठीवर. पोटात गोणी असतात, तळाचं पाणी असतं, उंदीर असतात. जास्तीत जास्त तिथं गोण्यांवर हमाल झोपतो. तिकीट काढलेल्या साहेबाला पोटात कोण नेऊन बसवील? एवढ्या साध्या गोष्टीत जो पोरगा थाप मारतो, तो पुढं काय सांगेल आणि काय लपवील. अमेरिकेला तरी गेला होता की तीन महिने मुंबईत कुठल्या गोदीत झोपून आला, देव जाणे.

"रविवारी येतोय," काळुराम म्हणाला. "सुपारी घेऊनच येतोय. पण समोर बसवून विचारणार बोल्ला. पटलं तर फोडणार. नाय पटलं तर तशीच कमरेला लावून परत."

"आणि शकू?"

"पोरगी काय बोलणार? बांगड्या न भरताच आत गेली म्हणे."

आवडाबाईंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. महिपतचा त्यांना राग आला नाही. त्याच्या जागी त्या असत्या तर त्यांनी कासारासमोरच सोयरीक मोडली असती. त्यांना राग आला तो आनंदाचा. पोरगी चांगली होती. हसरी, कामाला वाघीण. आगरावर पाटी उचलताना तिच्या कमरेत लचक येत नाही, हे त्यांनी जत्रेत दुरून बघून ठेवलं होतं. आनंदानंही बघितलं होतं, ते त्यांना माहीत होतं. आणि हे सगळं एका जिन्यासाठी पाण्यात जायला निघालं होतं.

संध्याकाळी त्यांनी आनंदाला समोर घेतलं. रविवारी महिपत विचारील तेव्हा सांगायचं की ती कासाराची मस्करी केली. विमानात बसलो, अमेरिका बघितली, परत आलो, एवढंच. जिना नाही, बैठक नाही, बर्फ नाही. त्याला हसू आलं तर आपणही हसायचं, म्हणजे विषय मिटला.

"पण ती होती, आय."

"असेल. तुला शकू हवी की बैठक?"

तो पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर तसं बोलतो."

त्यानंतर दोन दिवस त्यानं जिना कोणाला सांगितला नाही. पोस्टमन मुद्दाम थांबला, तरी नाही. आवडाबाईंना वाटलं होतं घर शांत झालं की बरं वाटेल. ते काही वाटेना. शनिवारी दुपारी त्या मागच्या पडवीत सुक्या मासळीतल्या वाकट्या निवडत बसल्या होत्या आणि आनंदा फाटकी पाटी बांधत होता. पोरगा एवढा गप्प कधी नसे. शेवटी त्यांनीच, वाकट्यांवरची नजर न काढता, विचारलं,

"खरंच होती रे?"

"होती."

"साहेब लोक बसतात तिथं?"

"साहेब, मडमा. वर बसून अंग आंबलं की खाली येतात, पत्ते खेळतात, परत जातात. लंडनपासून अमेरिकेपर्यंत मी होतो तिथं. येतानाही तसंच."

"तुला कोणी उठ नाय बोल्लं?"

आनंदाचे हात सुतळीवर थांबले. "नाय, आय. मी जिन्याशी उभाच होतो पहिल्यांदा. एक म्हातारी मडम लोकर विणत होती. तिनं बाकावर हात आपटला, सरकली, आणि मला जागा दिली. मग एका जाड्या साहेबानं पत्ते वाटले. मला त्यांचा डाव येईना, तर मीच त्यांना आपला झब्बू शिकवला. तो साहेब तीनदा हरला. हरला की स्वतःच्या डोक्यावर टपली मारून घ्यायचा."

आवडाबाईंनी एक वाकटी दोनदा निवडली. शेठच्या वखारीत त्या बारा वर्षं मीठ घालायला गेल्या होत्या. बारा वर्षांत पायरीच्या वर त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं, आणि त्याही चढल्या नव्हत्या.

"आणि शेठ?"

"शेठ वर," आनंदा म्हणाला, आणि पाटी अर्धवट बांधलेली तशीच ठेवून विहिरीकडे गेला.

रविवारी ऊन चढायच्या आत महिपत आला. बरोबर काळुराम होता. महिपत जाड मानेचा, तुळतुळीत डोक्याचा माणूस. बसताना त्यानं ओटीचा वासा बघितला, जमीन बघितली, मग बसला. पाणी झालं, गूळ झाला, चहा झाला. आगराच्या गोष्टी झाल्या. यंदा मीठ चांगलं धरलंय, पण उचल नाही. आवडाबाई दाराच्या उंबऱ्याला लागून बसल्या होत्या, अशा की आनंदाचं तोंड त्यांना दिसावं. आनंदा समोर चटईवर मांडी मोडून बसला होता, पाय गुडघ्यात दुमडून, दोन्ही हात मांड्यांवर.

महिपतनं कप खाली ठेवला.

"आता ते विमानाचं सांग, पोरा. कासारानं सांगितलं तसं नको. तुझ्या तोंडानं सांग."

"काका, ते मी कासाराची..." आनंदानं आईकडे बघितलं. आवडाबाईंनी मान किंचित खाली केली. बोल, ठरलंय ते बोल. तो महिपतकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम साधा झाला. "कासाराला सांगितलं ते खरं हाय. खाली बैठक होती."

आवडाबाईंनी डोळे मिटले. काळुरामनं खोकून घेतलं.

महिपत चिडला नाही. जहाज बांधणाऱ्या सुताराला विचारावं तसं त्यानं विचारलं, "वरही माणसं, पोटातही माणसं. ती उठणार, बसणार, जिन्यावर चढणार, उतरणार. वजन हलत राहणार. वारा सुटला तर?"

"वारा सुटला की सगळ्यांना वर बोलवतात."

"कोण?"

"पांढऱ्या डगल्याचा. आणि वारा नसला तरी उडताना आणि उतरताना खाली कोणाला थांबू देत नाहीत. दिवा लागतो. लागला की पत्ते टाकायचे, पेला द्यायचा आणि जिन्यानं वर. जो तो आपापल्या खुर्चीत. कमरेला पट्टा. तो जाडा साहेब एकदा डाव अर्धा म्हणून उठेना, तर डगल्यावाल्यानं त्याच्या हातातले पत्ते काढून घेतले. साहेब होता तरी."

महिपत हनुवटी चोळत राहिला. मुंबईच्या बंदरात शिरताना पडाव हाकणारा त्याचा तांडेलही असंच करी. पडावाच्या पोटात गोण्यांवर पडलेल्या पोरांना शिव्या घालून वर काढी, मग कोणी कितीही झोपलेला असो. धक्क्याला लागताना पोटात माणूस ठेवायचा नाही. हे तांडेलाला माहीत असतं, आणि त्याच्या शिव्या खाऊन वर आलेल्याला. थाप मारणारा गाद्या वाढवतो, बर्फ वाढवतो. वर हाकलून दिल्याचं त्याला सुचत नाही.

"काळुराम," महिपत म्हणाला, "हे रचलेलं नाय रे. हा बसलेला हाय त्याच्यात."

त्याचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. सुपारी बाहेर आली. काळुरामचा चेहरा असा उजळला की जणू विमान त्यानंच चालवलं होतं. आत गोदूनं अडकित्ता काढल्याचा आवाज झाला.

सुपारी बोटांत फिरवत महिपत सहज, घरच्या माणसासारखा, म्हणाला, "आणि वर आलास की तुझी खुर्ची कुठली? खिडकीची की आतली?"

आनंदानं मान खाली घातली.

महिपतला वाटलं आठवतोय. काळुरामला वाटलं लाजतोय. ज्या पोराला बाकाच्या कातड्याची शिवण सांगता येत होती, त्याला स्वतःच्या खुर्चीबद्दल एक शब्द सुचेना. आवडाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मग त्यांची नजर खाली गेली. आनंदाचे दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटले होते. मांड्यांवरचे हात उलटे झाले होते, तळवे वर, बोटं थोडी वाकलेली, एक हात पुढं, एक मागं. त्या हातांत काही नव्हतं. पण जड काहीतरी होतं, ज्याला धक्का लागून चालणार नव्हतं, असे ते धरलेले होते.

शेठला मोटारीत घालताना आनंदा तो सडका पाय असाच धरी. एक हात पोटरीखाली, एक टाचेखाली.

आवडाबाईंना आता सगळं दिसलं. आनंदाची म्हणून शेजारची खुर्ची होती, ती पायाला दिली होती शेठनं. तिच्यावर उशी, उशीवर पाय. पोराला सांगितलं असेल, जा, खाली बैठक आहे म्हणतात, तिथं बस. दिवा लागला की पोरगा जिना चढून यायचा, पाय उचलायचा, खुर्चीत बसायचा आणि पाय मांडीवर घ्यायचा. विमान वर जाईपर्यंत, विमान खाली टेकेपर्यंत. दिवा विझला की पाय परत खुर्चीवर, आणि हा परत खाली. म्हणून खालचं सगळं होतं त्याच्याजवळ आणि वरचं काहीच नव्हतं. महिनाभर तो जे एकसारखं सांगत सुटला होता, ते एवढंच होतं की एका ठिकाणी त्याला कोणीतरी सरकून जागा दिली. आणि उरलेलं तो गिळून बसला होता, कारण मुनीम कोणाचा पाय मांडीवर घेऊन बसत नाही.

मुनीम कोण म्हणालं होतं, ते आवडाबाईंना कोणी आठवण करून द्यायला नको होतं.

"अरे खिडकीचीच असणार," काळुराम मदतीला धावला. "मुनीम माणूस. शेठ काय त्याला दाराशी बसवणार?"

महिपत हसला. सुपारी त्यानं पाटावर ठेवली. गोदू अडकित्ता घेऊन दारापर्यंत आली होती. आता एवढंच राहिलं होतं, आनंदानं मान हलवायची. त्यानं आईकडे बघितलं आणि त्याची मान हलायला लागली.

आवडाबाईंनी गोदूच्या हातातून अडकित्ता घेतला, पदर खांद्यावर नीट केला आणि उंबरा ओलांडून पुरुषांच्या बैठकीत येऊन बसल्या. महिपत थोडा सरकला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मान हलवू नको, आनंदा," त्या म्हणाल्या. "तू खोटा नाय. या घरात खोटं मी बोल्ले, मुनीम म्हणून, आणि तू ते माझ्यासाठी महिनाभर झाकत बसलास. शेठच्या पायाला खुर्ची आणि तुला पाय, असं बसून गेलास ना? मग त्यात मान खाली घालायची ती शेठनं. आजारी माणसाला समुद्रापार नेऊन परत आणलंस, त्याला धक्का लागू दिला नाहीस. तुझे हात चांगले हायत. ते वर कर, सासऱ्याला दाखव, आणि खुर्चीचं सगळं सांग त्याला. सुपारी फोडायची की नाय ते मग तो बघेल."